सौम्याचं ठरलं

रम्या: दार लोटून घेते, अण्णा. सौम्याला ऐकू जायला नको.

उमाजी: जाऊ दे की. चोरून काही ठरवलेलं नाही मी. मुलगा व्हाइटफील्डच्या कंप्युटर कंपनीत आहे. तुझ्या बहिणीचं कल्याण होईल.

रम्या: तिचं मन बसवंत मास्तरांवर आहे, हे ठाऊक असून?

उमाजी: सरकारी शाळेतला मास्तर तो! आणखी एका पोरीला सरकारच्या भरवशावर देऊ? तुझ्या नवऱ्याचं काय झालं ते बघतोय ना मी. सरकारी कारखाना म्हणजे काळ्या दगडावरची रेघ वाटली होती. बाजारात बाहेरचा माल आला आणि इकडे गेट बंद.

रम्या: अजून रोज सकाळी डबा भरायला सांगतात हे. मी भरते. दुपारी खिडकीपाशी बसून तोच डबा खातात.

उमाजी: म्हणूनच म्हणतो, सरकारचे दिवस सरले.

रम्या: माझं मन होतं त्या गिरीराजला नकार दिलात, तेव्हा नेमकं उलटं बोलला होतात. प्रायव्हेटातली नोकरी, आज आहे उद्या नाही, म्हणून.

उमाजी: स्वल्प, थोडं ऐकून घे. तेव्हा खंडोजी कामाला होता ती गिरणी नुकती बंद पडली होती. मालकानं रातोरात कुलूप ठोकलं. सख्खा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत खचला. मग प्रायव्हेटवाल्याला मुलगी कशी देणार होतो मी?

रम्या: काकांची गिरणी बुडाली म्हणून मला सरकारी नवरा. माझ्या नवऱ्याचा कारखाना बुडाला म्हणून सौम्याला प्रायव्हेट. घरात शेवटचं जे बुडालं, त्याचीच भीती धरून बसता तुम्ही.

उमाजी: बापाचा जीव आहे, पोरी. डोळ्यांनी बघितलेलं विसरू कसा?

रम्या: विसरू नका. पण कुठली नोकरी टिकेल, हे तुम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं, आताही कळायचं नाही. माणूस कसा आहे तेवढं तिला कळतं. एकदा तिला विचारा तरी.

उमाजी: विचारलं.

रम्या: कधी?

उमाजी: आज सकाळी. मग इंदिरानगरला जाऊन मुलाकडच्या लोकांना शब्द देऊन आलो.

रम्या: काय म्हणाली?

उमाजी: म्हणाली काही नाही. मान हलवली. रडली नाही, भांडली नाही. शहाणी आहे. सरी, ठीक आहे, म्हटलं मी.



रम्या: मीही मानच हलवली होती, अण्णा.