बिनकडीचं दार

आई : बसा मोठ्या बाई, पण जरा बघून. खुर्चीत टाचण्या असतील. शिवणकामवालीच्या घरी माणूस आधी टोचून घेतो, मग बसतो.

बाई : तुमची लेक आठवडाभर शाळेत नाही, म्हणून आले. आणि ही बॅग कसली भरलीय?

आई : मावशीकडे पाठवतेय. तिकडच्याच शाळेत घालणार.

बाई : अहो, चौथीतली पोर ती! तुमच्याशिवाय राहील का?

आई : ती राहील. माझंच कठीण आहे. पण करू काय? मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही. चौकट कुजलेली, खिळासुद्धा धरत नाही. पोरं बाहेरून ढकलतात नि खिदळत पळतात. म्हणून ही शाळेत पाणीच पीत नाही. परवा तापाने फणफणली. डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबवून ठेवते पोरगी.

बाई : इतकं झालंय, हे मला माहीत नव्हतं.

आई : दाराचं माहीत होतं ना?

बाई : होतं.

आई : पालकसभेत बाकीच्या आया तुमच्यावर तुटून पडल्या, तेव्हा मीच मध्ये पडले. म्हटलं, बाई तरी काय करतील, वरून पैसाच येत नाही. तुम्ही समोर बसला होतात. ना हो म्हणालात, ना नाही.

बाई : आठवतंय.

आई : काल शाळा समितीचे अध्यक्ष पँट उसवली म्हणून आले होते. बोलता बोलता म्हणाले, दुरुस्तीचे पैसे आले होते की, वर्ष संपलं तसे परत गेले. ऐकून माझा टाकाच चुकला. खरं आहे?

बाई : खरं आहे. पण मी त्यातला एक पैसा खाल्ला नाही हो.

आई : खाल्ला असं कोण म्हणतंय? लावलाही नाहीत!

बाई : तीन ठिकाणचे दर लेखी घ्यावे लागतात. सुतार म्हणाला, एवढ्याशा दारासाठी कागद कसला लिहून देऊ? दुसरा फिरकलाच नाही. माझ्या आधीचे हेडमास्तर एका चुकीच्या पावतीपायी घरी बसले. मला वाटलं, खर्चच नको, म्हणजे चूकही नको.

आई : मग विचारायचं कुणाला तरी!

बाई : हिशेबाचं प्रशिक्षण होतं ना. मी आमच्यातल्या सगळ्यात नव्या मास्तरांना पाठवलं. मी स्वतः गेले असते, तर मला यातलं काही येत नाही, हे चारचौघांत दिसलं असतं. आणि शिक्षण खात्याच्या ऑफिसातल्या सभेत माझंच कौतुक झालं. या शाळेच्या हिशेबावर एकही आक्षेप नाही, म्हणाले. टाळ्या वाजल्या. मी उभी राहून हसले.

मुलगी : (आतल्या दाराशी येऊन) बाई, तुम्हालाही विचारायची भीती वाटते?

बाई : वाटते गं.

आई : तू आत जा.

बाई : राहू दे तिला. ऐकू दे. दार मी माझ्या पैशाने करून घेते. आजच सुताराकडे जाते.

आई : घ्या की, मी कशाला नको म्हणू? पण पुढे नळ गळेल, पत्रा उडेल, तेही तुमच्या पर्समधूनच का? त्यातून तुमची लाज झाकेल बाई, शाळा नाही चालायची.

बाई : ऑफिसात जाऊन पैसे पुन्हा मागते. का परत गेले, तेही सांगते. आणि पुढच्या प्रशिक्षणाला मीच बसते.

आई : आणि पालकसभेत?

बाई : तिथेही सांगते. तुम्ही शेजारी बसाल माझ्या?

आई : शेजारी नाही. समोर बसेन.

बाई : बरं. पण हिला पाठवू नका.

आई : दार काय सुतार खिशात घेऊन फिरतो? होईपर्यंत हिने काय करायचं?

बाई : तोवर मी उभी राहीन तिथे. मधल्या सुट्टीत, आणि मुली म्हणतील तेव्हा.

मुलगी : तुम्ही? संडासाच्या दाराशी?

बाई : हो. दार धरून.

मुलगी : पण पाठ करून उभ्या राहाल ना?