दोराभर कड

ग्रंथपाल: बोटभर कापा काका. नेहमीसारखं दोराभर नको. या वेळी चांगलं बोटभर.

बाइंडर: बोटभर? मॅडम, पुस्तकाची कड आहे ही, वाढलेलं नख नाही. पातं थेट छपाईला भिडेल.

ग्रंथपाल: भिडू दे. या आठही प्रेमाच्या कादंबऱ्या आहेत, आणि आठांच्याही कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय. समितीने सांगितलंय, कापून स्वच्छ करा, नाहीतर रद्दीत घाला.

बाइंडर: खोडरबर आहे की.

ग्रंथपाल: करून बघितलं. कागद जुना, भोकच पडलं.

बाइंडर: चाळीस वर्षं तुमच्या ग्रंथालयाची पुस्तकं बांधतोय. दोऱ्याच्या जाडीपेक्षा जास्त कड कधी घेतली नाही. पुस्तक परत परत बांधायला येतं. दर वेळी बोटभर कापलं तर उरेल काय? नुसता कणा.

ग्रंथपाल: माहीत आहे मला. पण एका सभासदाने तक्रार केलीये. यात बाराव्या पानावर नायकाबद्दल लिहिलंय, "हा कुठे जात नाही. शेवटी स्टेशनवर धावत येईल, लिहून ठेवा." आणि तो आला ना खरंच! दोनशे दहाव्या पानावर. त्यांची सगळी मजा गेली.

बाइंडर: आता धावत येणारच तो. गाडी सुटायची असेल.

ग्रंथपाल: तिथेही लिहिलंय ना. हे बघा. "आला एकदाचा. आदल्या दिवशी घरीच होती की ती, तेव्हा काय धाड भरली होती?"

बाइंडर: काय म्हणालात?

ग्रंथपाल: धाड भरली होती. हसू नका, या दुसऱ्यात तर कहर आहे. "बाई तिसऱ्यांदा चक्कर येऊन पडली. प्रेम राहू दे, आधी हिला डॉक्टरकडे न्या." आणि इथे, "पत्र पुन्हा भलत्याच्याच हातात. या लोकांना धड पत्ता लिहिता येत नाही का?" खरं सांगू? तक्रार आल्यापासून मी गोष्ट वाचतच नाही. नुसत्या कडा वाचते. आपल्या मनात येतं ते सगळं या बाईने लिहून ठेवलंय. बाईच असणार. हे ऐका, "उंच, रागीट, श्रीमंत. ठीक. पण याच्या घरात भांडी कोण घासतं, ते कुठेच नाही."

बाइंडर: ते पुस्तक इकडे द्या.

ग्रंथपाल: चष्मा आहे ना?

बाइंडर: द्या हो.

(बराच वेळ फक्त पानं उलटल्याचा आवाज.)

ग्रंथपाल: काका?

बाइंडर: हा "ल" बघितलात? पोट पुढे काढून उभा आहे. माझ्या कपाटावरच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर हाच आहे. "लाल कापड", "लहान पुठ्ठे". हिचं अक्षर आहे हे.

ग्रंथपाल: काकूंचं?

बाइंडर: ही इथे बसायची, तुम्ही बसलात ना, तिथेच. मी जुनी शिवण उसवायचो, ही नवी घालायची. बांधायला आलेलं पुस्तक आधी वाचून काढायची. म्हणायची, उघडलेलंच आहे तर वाचून घेते.

ग्रंथपाल: पण काकू किती कमी बोलायच्या. मी पाच वर्षं येतेय. पाण्याचा ग्लास द्यायच्या, हसायच्या, बस्स. त्यांच्या पोटात हे एवढं होतं?

बाइंडर: सुरुवातीला बोलायची. "अहो, ऐका ना, हा बघा कसला मूर्ख. तिला सरळ विचारत का नाही?" असं सारखं चालायचं. मी म्हणायचो, हं.

ग्रंथपाल: हं म्हणजे?

बाइंडर: हं म्हणजे हं. दाभण हातात असायचं. मग हळूहळू बोलायची थांबली. मला वाटलं, वाचनच सुटलं असेल. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं. कामात लक्ष लागायला लागलं.

ग्रंथपाल: आणि त्या लिहायला लागल्या.

बाइंडर: कुठे लिहिलंय ते बघा ना पण. आत मोकळी जागा आहे, वर आहे, खाली आहे. सगळं सोडून अगदी टोकाला.

ग्रंथपाल: मला वाटलं, छपाईला धक्का नको म्हणून.

बाइंडर: छे. ती बाइंडरची बायको. बांधून झालं की कड कापतात, हे तिला माहीत. जे कापलं जाणार तिथेच लिहायची. कुणी वाचू नये म्हणून. पातं पडलं की गेलं सगळं खाली चिंध्यांत.

ग्रंथपाल: पण तुम्ही दोराभरच कापत आलात.

बाइंडर: हो ना. त्याची फार ऐट होती मला. म्हणून हे राहिलं. माझ्या हाताखालून आठही पुस्तकं गेली, पानं मोजून घेतली, सरळ लावली, आणि एक ओळ दिसली नाही मला.

ग्रंथपाल: असं नका म्हणू. कामाच्या घाईत नाही लक्ष जात.

बाइंडर: घाई कसली? आम्ही दोघंच तर होतो. हे वाचा. मोठ्याने वाचा.

ग्रंथपाल: हे राहू दे काका.

बाइंडर: वाचा.

ग्रंथपाल: "नायक अर्धं पुस्तक गप्प. लेखक म्हणतो, गूढ आहे. घरात असा माणूस असला की कळतं, गूढ वगैरे काही नसतं. नुसता गप्प असतो."

बाइंडर: पुढे?

ग्रंथपाल: "एका वाक्याचं काम. त्याला दोनशे पानं."

बाइंडर: हं.

ग्रंथपाल: काका, गोष्टीतल्या माणसाबद्दल आहे ते.

बाइंडर: मॅडम, हिला जाऊन आठ महिने झाले. आता मला कुणी समजावू नका. आता हे शेवटचं पान. पुस्तक आडवं धरा. कडेला आडव्या दोन ओळी आहेत. पहिली मी वाचली. "हे सगळे शेवटी तरी बोलतात." दुसरी मला लागत नाही.

ग्रंथपाल: दुसरी... अर्धी कापली गेलीये. अक्षरं नाहीतच. नुसत्या वरच्या रेघा राहिल्यात. दोन मात्रा आहेत, एक अनुस्वार. आणि इथे टोकाला हा वळसा.

बाइंडर: वेलांटी?

ग्रंथपाल: नाही. प्रश्नचिन्ह आहे. वरचा अर्धा भाग.

बाइंडर: म्हणजे काहीतरी विचारलं होतं.

ग्रंथपाल: तसंच दिसतंय.

बाइंडर: आणि ते मीच कापलं. दोराभर.

ग्रंथपाल: काका, ही कापू नका. समितीला मी सांगते, कड उरलीच नाही म्हणून. फार तर रद्दीत काढतील. मग रद्दी तुमच्याकडेच येऊ दे.

बाइंडर: तोवर ठेवून जा. वाचायची आहेत.

ग्रंथपाल: तुम्ही वाचणार? प्रेमकथा?

बाइंडर: गोष्टीचं बघू पुढे. आधी कडा वाचतो. पुठ्ठे चढवत गेलो सगळा जन्म, आत काय आहे ते उघडून बघितलं नाही.

ग्रंथपाल: बरं. मग गुरुवारी येऊ का? काकूंनी आणखी काय काय सुनावलंय ते मलाही ऐकायचंय.

बाइंडर: हं.

ग्रंथपाल: येते मग.

बाइंडर: मॅडम, थांबा. हं नाही. हो. गुरुवारी या, मी वाट बघतो.

ग्रंथपाल: येईन काका. नक्की.

बाइंडर: बघा ना. एका वाक्याचं काम होतं.