सॅविओकाकांची गाडी आणि माझी चार मुलं

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपले माजी सरपंच माननीय गुरुप्रसाद परब, व्यासपीठावरचे आदरणीय फादर सॅम्युएल, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. सॅविओ लोबो, त्यांच्या पत्नी क्लॉडियाकाकी, समोर बसलेले सर्व पालक, आणि खुर्ची मिळाली नाही म्हणून खिडकीत बसलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी बुशरा मुकादम. आपल्या सड्याखालच्या वाडीतल्या मराठी शाळेची शिक्षिका. शाळेत शिक्षक मी एकटीच आहे, त्यामुळे मुख्याध्यापिकाही मीच. मी भाषण लिहून आणलं आहे. न लिहिता बोलले की माझं काहीतरी चुकतं, आणि मग रात्रभर झोप लागत नाही.

सॅविओकाकांनी एकोणीस वर्षं आपल्या वाडीतली मुलं कट्टा गावच्या इंग्रजी शाळेत नेली आणि आणली. एकाही मुलाला खरचटलं नाही. आता डॉक्टरांनी डोळ्यांमुळे गाडी चालवायला मनाई केली, म्हणून हा निरोप. अशा माणसाचं कौतुक करायला मला का बोलावलं, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मलाही वाटलं. ज्या गाडीने माझी शाळा रिकामी केली, तिच्या चालकाबद्दल मी काय बोलणार?

पण काकांनीच माझं नाव सुचवलं म्हणे. म्हणून आधी त्यांच्याशी एक गोष्ट खरी बोलते. काका, मार्चमध्ये तुमच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा मला आनंद झाला. चांगला दोन दिवस टिकला. गाडी थांबली तर मुलं परत माझ्याकडे येतील, असं मी मनात मोजत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही रस्त्यावरच्या खुरसाकडे, त्या क्रुसापाशी उभे राहून, हात कपाळावर धरून, समोरून कोण येतंय ते ओळखायचा प्रयत्न करत होता. मीच येत होते. मला तुमची माफी मागायची आहे.

त्या आनंदामागे कारण होतं. कार्यालयातून पत्र आलं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत शाळेचा पट दहा झाला नाही, तर शाळा बंद करून मुलं कट्ट्याच्या मराठी शाळेत पाठवली जातील. माझ्या पटावर आज चार नावं आहेत. म्हणून एप्रिलमध्ये मी घरोघर फिरले. मुलं गाडीने जाणारी एकोणीस, घरं अकरा. प्रत्येक घरी मी एकच विचारलं, तुम्ही आमच्या शाळेत का घालत नाही?

मला वाटलं होतं, सगळे इंग्रजीचं नाव घेतील. काहींनी घेतलंही. एका आईने सांगितलं, लग्नात बायका मुलाची शाळा विचारतात, तेव्हा खाली बघावं लागू नये एवढंच. पण तुळसाताई, तुम्ही समोर बसला आहात, तुमचं वाक्य मी घरी जाऊन वहीत उतरवून ठेवलं. तारकर्लीला पर्यटकांचं जेवण रांधून तुम्ही नुकत्याच घरी आला होता. मुलाबद्दल विचारलं तर म्हणालात, "बाई, माका इंग्लिश काय कळता? माका गाडी कळता. साडेआठाक हॉर्न वाजता, पाचाक परत वाजता. मदल्या येळात माजो झील खंय आसा, ता माका ठावक आसता."

आणि बाबूदादा जाळं विणता विणता म्हणाले, "तुमच्या शाळेत पुस्तका आसत, कपडे आसत, खिचडी आसा. बाई तेवडे मालवणाक आसत."

हसा, हसायला हरकत नाही. मीही तिथे हसले होते. पण बाबूदादांचं खरं आहे. मला बैठका असतात, मतदारयाद्या असतात, प्रशिक्षणं असतात. मी नसले की शाळाच नसते.

मी विजयदुर्गची. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. माझे अब्बा, दाऊद मुकादम, बोटीवर खलाशी होते. माझ्या प्रवेशाच्या अर्जावर त्यांचा अंगठा आहे. मी काय शिकते ते त्यांना कधीच कळलं नाही. पण बोटीवर नसतील त्या दिवशी ते मला शाळेच्या दाराशी सोडून समोरच्या दगडी गडग्यावर बसून राहायचे. मास्तरांची सायकल भिंतीला टेकलेली दिसली, की उठायचे. मी एकदा विचारलं, अब्बा, तुम्ही कशाला थांबता? म्हणाले, "सायकल दिसली मगे माजा काम झाला."

शाळेबद्दल त्यांना तेवढंच तपासता येत होतं, आणि ते रोज तपासत होते. तुळसाताईंचं बोलणं ऐकताना मला ती सायकल आठवली. आणि गेल्या ऑगस्टमधला तो दिवसही आठवला. त्याबद्दल या वाडीत कोणी माझ्या तोंडावर काही बोललं नाही. आज मीच बोलते.

तेव्हा माझ्या पटावर अकरा मुलं होती. मला तालुक्याला प्रशिक्षणाला जायचं होतं. बदली शिक्षक द्यावा म्हणून मी चार दिवस आधी लेखी अर्ज केला. जावक क्रमांक घातला, प्रत ठेवली. शेजारच्या गावच्या गुरुजींना एक फोन केला असता तर ते नक्की आले असते. पण असं परस्पर सांगणं नियमात बसत नाही, असं मला वाटलं. अर्ज वाचला गेला प्रशिक्षणानंतर तिसऱ्या दिवशी. शाळेला कुलूप होतं आणि चावी माझ्या पर्समध्ये, मालवणात.

अकरा मुलं पायऱ्यांवर बसून राहिली. पाऊस होता. छप्पर पायऱ्यांपर्यंत येत नाही. दुपारी बालवर्गाला आणायला निघालेल्या काकांनी त्यांना पाहिलं. त्यांनी सगळ्यांना गाडीत घेतलं, एकेकाला घरी पोचवलं. ओढ्यावरच्या अरुंद साकवापलीकडे गाडी जात नाही, तर तिथल्या चौघांना छत्रीखाली धरून चालत नेलं. कोणाला एक शब्द सांगितला नाही. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी आले. मला वाटलं, आता ओरडतील. म्हणाले, "बाय, एक चावी आमच्या क्लॉडियाकडे ठेव गो. बाकी काय नाय."

पण आपलं ओलं मूल कोणाच्या गाडीतून उतरलं, ते आयांनी पाहिलं होतं. पुढच्या सोमवारी सात जणांनी दाखले मागितले. मी सातही दाखले सुवाच्य अक्षरात लिहून दिले. राहिले साकवापलीकडचे चार.

आज इथे येताना माझ्या भाषणाच्या शेवटी एक परिच्छेद होता. गाडी बंद होते आहे, तर मला सहा नावं द्या, एवढीच विनंती त्यात होती. पण मघाशी अध्यक्षांनी जाहीर केलं की जूनपासून काकांच्या जागी आपल्या वाडीतले दीपेश गाडी चालवणार. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. अध्यक्ष गमतीने असंही म्हणाले, की गाडी आताच भरली, आता कोणी नाव घेऊन येऊ नये.

तरीही तो परिच्छेद मी वाचते. नाही वाचला तर आयुष्यभर टोचेल. "माझी मुलं वाचतात. तिसरीतली मयुरी आजीच्या औषधाच्या बाटलीवरचं मोठ्याने वाचून दाखवते. मी यापुढे गैरहजर असेन तेव्हा दुसरं कोण येणार, ते आदल्या दिवशी तुमच्या घरी येऊन सांगेन. मला सहा मुलं द्या."

कोणी हात वर करायलाच हवा असं नाही. खाली बघू नका, तुमचा दोष नाही. मी तुमच्या जागी असते तर मीसुद्धा गाडीच पाहिली असती.

तर मग दीपेश, आता विनंती तुम्हाला आहे. शाळा गेली की त्या चौघांना कट्ट्याला जावं लागेल. सोयीची एसटी नाही. त्यांचे आईवडील आज इथे नाहीत, कारण त्यांचं कोणी गाडीने जात नाही आणि त्यांना कोणी बोलावलं नाही. मयुरी, तिचा भाऊ सर्वेश, अतहर आणि धाकटी नाझिया. गाडी भरली आहे हे मी ऐकलं. पण दोन जागा दिल्यात तरी चौघं मावतील. अंगाने बारीक आहेत सगळी.

साकवावरून मी त्यांना रोज घेऊन येईन. माझी नेमणूक कुठेही होवो, पहिले काही दिवस तरी येईन. पंधरा जूनला सव्वाआठला आम्ही खुरसाकडे उभे असू. उत्तर आत्ता सगळ्यांसमोर द्यायला नको. जागा असेल तर थांबा. नसेल तर तिथे हॉर्न तेवढा वाजवू नका. पोरं पुढे धावतील.

काका, तुमच्या डोळ्यांना आराम पडो, ही मनापासून प्रार्थना. क्लॉडियाकाकी, शाळेची चावी आणखी थोडे दिवस राहू दे तुमच्याकडे. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी मी मागणंच जास्त मांडलं. बोलण्यात कमी-अधिक झालं असेल, कोणाचं नाव घेताना मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मी खाली बसते.