धोंडूबाईची दाढ

बोट नको दाखवू गो बाय, तोंड उघड. बोटानं बांगडे विकत नाय मी, आणि सकाळची भवानी तर नायच — पहिलं गिऱ्हाईक मुक्यानं मासळी घेऊन गेलं की दिवसभर पाटी हलत नाय, असं माझी सासू सांगायची. तू भाव विचारायचास, मी जास्त सांगायचा, तू नाक मुरडायचं, मी तुझा उद्धार करायचा — मग बांगडे. मान काय हलवतेस? करुणा मॅडमची मनस्वी ना तू? ओळखलं मी. मॅडम काल सांगून गेल्या, पोरीला माणसांची भीती वाटते, डॉक्टर बोलले रोज थोडं बाहेरच्यांशी बोलू दे, म्हणून उद्या एकटीला पाठवते, धोंडूबाई, जरा सांभाळून घे. आता सांभाळून घेणं मला कुठं जमतं? एवढी वर्षं नवरा सांभाळला तेच पुष्कळ झालं.

आणि लाजतेस कशाला, भीती कोणाला नाय? माझ्या पोरीचा, योगिनीचा बापूस — माझाच नवरा गो — तांडेल हाय, वादळातनं होडी बंदराला आणतो, पण भिंतीवर पाल दिसली की अंथरूण घेऊन पडवीत. पाल घरात, तांडेल बाहेर. तो बघ समोरचा गंगाराम, बर्फवाला — सुई म्हटली की बर्फावर बसून घाम फुटतो त्याला. मला? मला कसली भीती, अख्खा बाजार डोक्यावर घेते मी. हसलीस? हसलीस ना आता? नाय? बरं, नाय.

तुला म्हणून सांगते, तू कोणाला सांगणार, बोलतच नाहीस. योगिनीचं लग्न जमतंय पावस गावात. आंब्याची बाग, मुलगा चांगला, पोरीच्या मनातला. घर बघायला गेलो तर मला सोफ्यावर बसवलं, समोर मुलाची आई, सोनूबाई, आणि सगळं घरदार माझ्या तोंडाकडं बघतंय. इथं कसं — पुढ्यात पाटी, हातात कोयता, लोक बांगड्याकडं बघतात, माझ्याकडं कोण बघतं? तिथं पाटीच नाय. बोलायला लागू नये म्हणून रिकामा कप तोंडाला लावून बसले. ताजी सुरमई कशी ओळखायची, एवढंच विचारलं त्यांनी — मला! — आणि तेही आलं नाय गो. मग योगिनीचा बापूस बोलला, हिची दाढ दुखतेय. झालं. दुसऱ्या खेपेलाही दाढच दुखली. त्या माउलीनं लवंगेचं तेल पाठवलं, आणि आता निरोप, की लग्नाची बोलणी करीन ती विहीणबाईंशीच, पण आधी दाढ काढून घेऊ, मी स्वतः नेते दवाखान्यात. आज! चांगली धडधाकट दाढ, सुपारी फोडते मी तिनं. योगिनी रात्रीपासून रडतेय, आई, खरं सांगून टाक, नायतर तोंडच उघडत नाय ही बाई म्हणून मोडतील लग्न. अगो, पण सांगायला तोंड उघडायला लागतं ना? तेच तर उघडत नाय. लाज वाटते गो, खूप लाज वाटते —

थांब. ती रिक्षा बघ. हिरवी साडी. सोनूबाईच त्या. इकडंच येतायत.

भाव राहू दे. बांगडे घे, हे सगळे घे, पैसे नको. फक्त त्या आल्या की सांग — दाढ बरी हाय, बाई तुम्हांला घाबरते. अशी काय बघतेस? तुला बाहेरच्यांशी बोलायचंच हाय ना, मग हे घे की बाहेरचं माणूस. भवानी नाय झाली तर नाय झाली, सासू काय वरनं बघायला येत नाय. ऐक, मी बोट दाखवते, तू तोंड उघड. आल्या. बोल गो बाय, बोल —