पार्किंगमधली फायनल

हसाल तुम्ही, पण आमच्या निनादच्या कॉलेजची फुटबॉल फायनल इथेच मस्कतला असून मी पाहिली नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. झालं असं, की या सीझनला मी स्टँडमध्ये बसलो की पोरं हरायची. सेमीफायनलला ऑफिसचा कॉल आला, मी गाडीतच अडकलो आणि जिंकले की लेकाचे! मग काय, फायनलला आमच्या हिने बजावलं, "तस्सेच बसा. काचसुद्धा उघडायची नाही."

बसलो. मग हिचा मेसेज आला : 'पेनल्टी. शेवटची किक निनादची.' तेवढ्यात शेजारच्या गाडीतले ओमानी गृहस्थ थर्मास घेऊन काचेवर टकटक करायला लागले. कहवा, त्यांची वेलचीची कॉफी! नाही कसं म्हणणार? केली काच खाली.

"तुमचा मुलगा खेळतोय?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"हो, आता किक त्याचीच. तुमचा?"

"समोरचा गोलकीपर. मला नाही बघवत."

एकदम मोठा गलका झाला. कोणाचा, कळेना. उतरून बघायची हिंमत दोघांनाही होईना.

शेवटी ही तरातरा चालत आली. काय झालं ते विचारणार, तोच तिची नजर काचेवर गेली.

"तरीच!" म्हणाली.