चौदावं कलम आणि माझा आवाज

...नाही, पण मी म्हणतो, माझंच पुस्तक मी मोठ्यानं वाचायचं नाही? सांगा ना! आठ वर्षं घासून लिहिलं मी, त्यापायी बायकोची बोलणी खाल्ली मी, आणि ते तोंडानं म्हणायचा हक्क मात्र मला नाही! का? तर करार झालाय! आणि करारावर सही कुणाची? माझीच!

आता तुम्ही म्हणाल, वाचून सही करायची ना. अहो, तुम्हाला सांगतो, मी मुद्रितशोधक आहे! छापखान्यात बसून दिवसभर लोकांच्या चुका काढतो, त्यावर तर पोट आहे माझं. करार दोनदा वाचला मी... पण कसा? लाल पेन घेऊन! चौदाव्या कलमात तीन चुका होत्या, तिन्ही दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या, सही ठोकली. प्रकाशक काय खूश! "वा! इतका शुद्ध करार आमच्याकडे आजवर झाला नाही हो!" मीही फुगलो. आणि त्या शुद्ध कलमात होतं काय? की हे पुस्तक, आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या कुठल्याही साधनातून ऐकवायचा हक्क प्रकाशकांचा! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं हो, आपल्या डोळ्यातलं मुसळ... जाऊ दे.

हे कळलं केव्हा? आईच्या डोळ्यांमुळे. इथे हसू नका. जन्मभर वाचणारी बाई, ह्या वर्षी नजर गेलीच जवळजवळ, आणि माझं पुस्तक निम्म्यावर राहिलं. माझा नायक किल्लीवाला आहे, सगळ्या गावाची कुलपं उघडतो आणि स्वतःच्याच घराबाहेर अडकतो. आई म्हणाली, "शेवटी शिरला का रे तो घरात?" म्हटलं, सांगणार नाही, माझ्या आवाजात ऐकवीन तुला!

कपड्यांच्या कपाटात शिरलो. तिथे आवाज घुमत नाही म्हणे. डोक्यावर कोट, नाकात डांबराच्या गोळ्यांचा वास, बाहेरून बायको, "अहो, माझा ड्रेस तरी बाहेर द्या, ऑफिसच्या कार्यक्रमाला जायचंय!" असे अकरा रविवार! सबंध पुस्तक वाचलं. म्हटलं, आईसारखे आणखी कितीतरी असतील, म्हणून आईला द्यायच्या आधी हौसेनं इंटरनेटवर टाकलं, फुकट... आणि चौथ्या दिवशी नोटीस! "आपण आमच्या हक्कांचा भंग केला आहे." मी? माझ्याच पुस्तकात? इतका घाबरलो, इतका घाबरलो, की तिथलं काढता काढता फोनमधलंही पुसून बसलो. अकरा रविवार पाण्यात! आईपुढे बसून वाचायचीही हिंमत होईना, न जाणो त्याचीही नोटीस यायची! आणि तक्रार कुणाकडे करू? सही माझीच!

तीन महिने हेलपाटे घातले तेव्हा कुठे प्रकाशक भेटले. "अहो, तुमचं ऑडिओबुक दोन वर्षांपूर्वीच निघालंय! हिशेब नाही पाहिला?" पाहिला होता की. पाठवलेल्या आकड्यात एक कप चहा आला असता, बिस्कीट नाही. मला वाटलं, बँकेची काहीतरी गफलत! तर ती माझी वर्षाची कमाई. आधी ऑडिओबुकवाली कंपनी घेणार, मग प्रकाशक, सगळ्यांचं होऊन उरलं तर लेखक!

आणि वाचलंय कुणी? कुणा भरदार गळ्याच्या नटानं! माझा किल्लीवाला दमेकरी हो, दोन पायऱ्या चढला की धापा टाकतो. हा वाचतो सेनापतीसारखा, "कि-ल्ली... ह-र-व-ली-य!" अरे, किल्ली हरवलीय, किल्ला नाही पडला!

मग प्रकाशक हळूच म्हणाले, "पंधरावं कलम आहे ना. वर्षभर कुणीच ऐकलं नाही, तर ऐकवायचे हक्क तुम्हाला परत." मी उडालोच! आपल्याला कुणी विचारत नाही ह्याचा इतका आनंद कुठल्या लेखकाला झाला असेल? म्हटलं, बघा, बघा पटकन! त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "ह्या वर्षी ऐकणारे... एक."

"एक?"

"एकच. पण चिवट आहे. रोज दुपारी दोन ते तीन. संपलं की पुन्हा पहिल्यापासून!"

तणतणत घरी आलो. कोण हा मेला माझ्या मुळावर उठलाय? सव्वादोन वाजले होते. दार उघडलं, आणि आईच्या खोलीतून सेनापती, "कि-ल्ली..."

बायको म्हणते, "नोटीस आली त्याच आठवड्यात शोधून दिलं मी आईंना. तुम्ही चिडाल म्हणून बोलले नाही."

आईपाशी बसलो. म्हटलं, आई, एकच वर्ष ऐकू नकोस, मग हक्क माझे, मी स्वतः वाचीन.

"वर्षभर? माझं वय काय, तू बोलतोस काय! आणि तुझं वाचन नको रे बाबा. दर ओळीला थांबतोस, इथे स्वल्पविराम हवा होता म्हणतोस. हा बघ कसा सलग वाचतो. काल तो घरात शिरला ना, तेव्हा रडले रे मी. किती छान लिहिलंयस!"

आता बोला! इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

बायको म्हणाली, "आईंच्या ऑडिओबुकची वर्गणी संपतेय हं उद्या." म्हणजे दर महिन्याला माझ्या वर्षाच्या कमाईच्या चौपट! फॉर्म आला. ह्या खेपेला लाल पेन बाजूला ठेवलं, शब्द न् शब्द अर्थासकट वाचला. माझंच पुस्तक, दुसऱ्याच्या आवाजात, पैसे मोजून, हक्क परत येणार नाहीत ह्याची पक्की सोय... सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि खाली सही कुणाची?

...माझीच!