सिमेंटचा गुडघा

टोचा हो, टोचा बिनधास्त — मी कुठे हात धरलाय तुमचा? धरलाय होय? बरं, हा सोडला. लेकीच्या वयाच्या डॉक्टरसमोर ओरडायची लाज वाटते, म्हणून बोलत राहतो, तुम्ही लक्ष देऊ नका. घाबरलो की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. आमची ही म्हणते, तुम्ही बडबडताय तोवर मला घोर नाही, गप्प बसलात की समजायचं, काहीतरी बिघडलं.

आधी बधिर करणार ना? केलंतसुद्धा? कळलं नाही हो! हात हलका आहे तुमचा — मोठ्या डॉक्टरांचा म्हणजे... जाऊ दे, दाराबाहेरच असतील. माणूस तसा चांगला. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच नवाकोरा सांधा बसवला, म्हणाले, आता पंधरा वर्षं बघायला नको. आणि कसलं काय — त्या सांध्यात जंतूंनी बिऱ्हाड थाटलं! धातूवर थर धरून बसतात म्हणे मेले, औषधाला दाद देत नाहीत. मग काय, सांधा उपटला आणि त्याच्या जागी हा औषध कालवलेला सिमेंटचा गोळा. म्हणजे मी सध्या निम्मा माणूस आणि निम्मं बांधकाम. सहा आठवडे शिरेतून औषध, वर आणखी गोळ्या. हसा, हसा, पण सुई आधी खाली धरा.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी. अख्ख्या गावाला वर पोचवलं, आणि स्वतः राहतो कुठे? बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर! पाय असा झाला, सारखं इथे यायचं, दर वेळी तीन जिने उचलून कोण आणणार — म्हणून लेकीकडे टाकलंय मला, तळमजल्यावर. आणि ही वर. तिचेही गुडघे गेलेत — ती उतरू शकत नाही, मी चढू शकत नाही. संध्याकाळी जावई खाली खुर्ची टाकून मला बसवतो, ती गॅलरीत येते. काय बोलणार ओरडून? सगळी इमारत कान टवकारून! परवा म्हणाली, टोपी घालून येत जा, टक्कल चमकतंय. बरोबर आहे, पाच महिने तिला माझं टक्कलच तेवढं दिसतंय. मला तिच्या हातचा चहा प्यायचाय हो, शेजारी बसून. बाकी काही नको.

आज गुडघ्यातलं पाणी स्वच्छ निघालं की महिनाअखेर नवा सांधा. मग जिना चढणार मी — बसत, सरपटत, कसाही. आणि निघणारच स्वच्छ! मी काय कच्च्या गुरूचा चेला आहे? तुम्ही म्हणालात, दोन आठवडे गोळ्या पूर्ण बंद, म्हणजे जंतू गेलेत की दडून बसलेत ते खरं कळेल. म्हटलं, ऐन वेळी पहारा उठवायचा कशाला? उरलेल्या होत्या की चष्म्याच्या डबीत. रोज दोन, गुपचूप. लेकीलाही पत्ता नाही. आज सकाळीसुद्धा घेऊनच आलोय, जंतूंची काय बिशाद —

सुई का ठेवलीत?

अहो डॉक्टर, गंमत केली मी. ...नाही, गंमत नाही. ही बघा डबी, खिशातच आहे.

काय म्हणता? म्हणजे पाणी स्वच्छ दिसलं असतं, आणि हे आत तसेच? नव्या सांध्यावर पुन्हा? आणि मग पायच... नका, तो शब्द नका काढू. आता? आजपासून पुन्हा दोन आठवडे मोजायचे, मग सुई, मग काय निघेल ते निघेल? अहो, मोठ्या डॉक्टरांना नका हो सांगू — सांगावंच लागेल? सांगा. सांगाच. घ्या गोळ्या. पाय माझा आणि अक्कलही माझीच, दोष कुणाला देऊ?

फोन. तिचाच. अकराला कर, गोड बातमी देतो, असं मीच सांगून ठेवलंय. तुम्ही बोलता का? नको, नको, मीच बोलतो. तुम्ही जा. जा म्हणतो ना, आणि दार ओढून घ्या.

हॅलो. हं, मीच. अगं, झालं असं, की...

...

आहे. फोनवरच आहे मी.